डेव्हिल्स लेक स्टेट पार्कमधील शरद ऋतू : निसर्ग आणि वन्यजीवांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की शिकागो, मिल्वॉकी आणि मॅडिसन भागातल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचे फोन सुरू होतात. रंग कधी येतील, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना चालवेल का, मुलांना प्राणी दिसतील का, हे प्रश्न ठरलेले असतात. विस्कॉन्सिन राज्यातील या तळ्याकाठी आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या असल्यामुळे ही उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

हे ठिकाण नेमके कुठे आहे आणि त्याचे एवढे नाव का?

बॅराबू या गावाच्या दक्षिणेस, गावापासून अवघ्या काही किलोमीटरवर हे उद्यान आहे. मॅडिसनहून गाडीने साधारण पाऊण ते एक तास लागतो आणि शिकागोहून तीन तासांच्या आसपास. उद्यानाची स्थापना १९११ मध्ये झाली. क्षेत्रफळ नऊ हजार एकरांहून अधिक असल्यामुळे ते राज्यातील सर्वांत मोठे स्टेट पार्क ठरते आणि वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक लोक येथे येतात. मधोमध सुमारे ३६० एकरांचे तळे आहे आणि त्याच्या पूर्व, पश्चिम व दक्षिण अंगाला जांभळट खडकाचे कडे सुमारे ५०० फूट उंच उभे आहेत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही उंची किरकोळ वाटेल, पण सभोवार मक्याची सपाट शेते पाहत आल्यावर हे कडे अचानक समोर येतात तेव्हा पाहणारा गप्प होतो.

पानांचे रंग पाहण्यासाठी कोणत्या तारखा धराव्यात?

बहुतेक वर्षी ऑक्टोबरचा दुसरा आणि तिसरा आठवडा हा भराचा काळ असतो. पाऊस, उन्हाळ्यातील कोरड आणि पहिल्या थंडीची वेळ यांवर तो आठवडाभर पुढे-मागे सरकतो. सुमॅकची झुडपे सप्टेंबरातच लाल होतात, त्यामागून मेपल पेटतात, हिकरी आणि अ‍ॅस्पेन पिवळे होतात आणि ओक सर्वांत शेवटी तांबूस-तपकिरी होतो. कड्यांवर ओक पुष्कळ असल्यामुळे येथील रंगाला वरच्या भागात एक गडद, चामड्यासारखी छटा असते.

मात्र आमचे मत विचाराल तर केवळ रंगांसाठी येऊ नये. रंगांच्या आठवड्यात माणसेच फार असतात. ऑक्टोबरच्या शेवटी, निम्मी पाने गळून गेल्यावर, एखाद्या कामाच्या दिवशी आलात तर कडे मोकळे दिसतात, पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात आणि येथला प्रत्येक जीव हिवाळ्याची तयारी कशी करतो ते जवळून पाहता येते. कोणी दक्षिणेला निघालेला असतो, कोणी जमिनीखाली जात असतो, तर कोणी धान्य साठवत असतो. पुढील बहुतेक उत्तरांचा रोख त्याच तयारीकडे आहे.

पाने रंग का बदलतात? आणि आपल्याकडे असे का होत नाही?

हा प्रश्न मुलांपेक्षा आजी-आजोबा अधिक विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पानातील हिरवे हरितद्रव्य झाड उन्हाळाभर मोडून पुन्हा बनवत असते. दिवस लहान होऊ लागले की झाड हे नव्याने बनवणे थांबवते आणि पानातील नत्रासारखी मौल्यवान द्रव्ये खोडात ओढून घेऊ लागते. हिरवा रंग ओसरला की मुळातच पानात असलेली पिवळी-नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. हिकरीचे किंवा अ‍ॅस्पेनचे पान पिवळे ‘होत’ नाही, त्यातला पिवळा झाकलेला असतो तो दिसू लागतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. मेपल आणि सुमॅकच्या पानांतील लाल द्रव्य शरदातच, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून नव्याने तयार होते. म्हणूनच दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, पण पाणी गोठेल इतकी नाही, असे आठ-दहा दिवस मिळाले की त्या वर्षीचा लाल रंग विशेष खुलतो आणि ढगाळ, दमट ऑक्टोबरात तो फिका पडतो. याच काळात देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होऊन पान आणि फांदी यांचे नाते तुटते. पडलेले मेपलचे पान हातात घेऊन देठाचे टोक पाहावे. ते तुटल्यासारखे ओबडधोबड नसते, सुरीने कापल्यासारखे गुळगुळीत असते.

आपल्याकडेही पानगळ असतेच, फक्त तिचे कारण पाण्याची टंचाई हे आहे. सागवान, पळस किंवा काटेसावर हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्चच्या कोरडीत पाने टाकतात, कारण रुंद पानांतून उडून जाणारे पाणी त्यांना परवडत नाही. येथे जमीन गोठते, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि ओल्या बर्फाच्या ओझ्याने पानांसकट फांद्या मोडण्याचा धोकाही असतो. आपल्या जंगलातला लाल रंग पाहायचा तर तो कुसुमाच्या कोवळ्या पालवीत, म्हणजे जन्माच्या वेळी दिसतो, तर येथे तो निरोपाच्या वेळी येतो.

सगळ्या ओकची पाने का गळत नाहीत?

बरेच तरुण ओक वाळकी पाने हिवाळाभर अंगावर बाळगतात. ते झाड मेलेले नाही. देठाजवळचा तो थर पुरता तयार होत नाही आणि पाने वसंतात नवे अंकुर येईपर्यंत चिकटून राहतात. नोव्हेंबरात वारा सुटला की त्यांचा कागदासारखा खडखडाट दूरवर ऐकू येतो.

हे तळे कसे तयार झाले?

कड्यांचा खडक बॅराबू क्वार्टझाइट म्हणून ओळखला जातो आणि त्याचे वय सुमारे १७० कोटी वर्षे आहे. तुलनेसाठी सांगायचे तर सह्याद्रीचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे. मुळात ही उथळ समुद्राकाठची वाळू होती. काही दगडांवर लाटांनी उमटवलेल्या वळ्या आजही हाताला लागतात, आणि इतक्या जुन्या लाटेवरून बोट फिरवण्याची ही संधी सोडू नये. या खडकांमधील खिंडीतून एके काळी नदी वाहत होती. शेवटच्या हिमयुगात, सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी, पूर्वेकडून सरकत आलेला बर्फाचा प्रचंड थर येथवर येऊन थांबला आणि वितळताना त्याने वाहून आणलेली माती व दगडगोटे खिंडीच्या दोन्ही तोंडांशी टाकले. दोन नैसर्गिक बांधांमध्ये पाणी अडले, तेच हे तळे. या तळ्यातून पृष्ठभागावरून बाहेर वाहणारी नदी नाही. पश्चिमेकडील प्रदेशावर बर्फ आलाच नव्हता, त्यामुळे गाडीने तिकडे थोडे पुढे गेलात तर भूमीचा घाट एकदम बदललेला दिसतो.

तळ्याला सैतानाचे नाव का दिले आहे?

ते नाव नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे आहे. येथील मूळ होचंक लोकांच्या भाषेतील नावाचा अर्थ ‘पवित्र तळे’ असा होतो, आणि त्यातील पवित्र, दैवी शक्ती या अर्थाच्या शब्दाचे भाषांतर करणाऱ्यांनी त्याला सैतान करून टाकले. तळ्याकाठी हजारएक वर्षांपूर्वी मातीचे उंचवटे करून घडवलेल्या पशुपक्ष्यांच्या आकृती आहेत. उत्तरेकडे अस्वलाची आकृती आहे आणि दक्षिणेकडे पंख पसरलेल्या पक्ष्याची. गवत वाळल्यावर आणि ऊन तिरपे पडल्यावर त्यांचे आकार अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून शरदातील सकाळ त्यासाठी चांगली. त्या उंचवट्यांवर चढू नये आणि मुलांनाही चढू देऊ नये.

कड्यांवर घिरट्या घालणारे मोठे काळे पक्षी गरुड आहेत का?

बहुतेक वेळा ती गिधाडे असतात. येथील टर्की व्हल्चर ओळखणे सोपे आहे. पंख सपाट न धरता तो ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे किंचित वर उचलून धरतो आणि वाऱ्यावर डावी-उजवीकडे झुलत राहतो. पंख न हलवता तो किती वेळ राहतो हे घड्याळ लावून पाहावे. आम्ही मोजायचा कंटाळा येईपर्यंत मोजले आहे. गरुडाचे उडणे याहून स्थिर, फळीसारखे असते. सकाळी गिधाडे कड्यावरच्या पाइनवर किंवा मोकळ्या खडकावर पंख पसरून उन्हाला पाठ देऊन बसतात. दहाच्या सुमारास खडक तापून हवा वर चढू लागली की एकामागून एक त्या प्रवाहात शिरतात. ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेक गिधाडे दक्षिणेकडे निघून जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

आपल्या गिधाडांशी यांचे जवळचे नाते नाही, हे सांगितल्यावर सर्वांना नवल वाटते. अमेरिकेतील गिधाडांचे कूळ वेगळे आहे. सारखेच काम करता करता दोघांची रूपे सारखी झाली. मोठा फरक नाकाचा आहे. आपली गिधाडे मेलेले जनावर डोळ्यांनी हुडकतात, तर टर्की व्हल्चर दाट झाडीखाली पडलेले मढेही वासावरून शोधतो. ज्यांनी १९९० पूर्वी महाराष्ट्रातील गावांबाहेर ढोरे टाकण्याच्या जागी गिधाडांचे थवे पाहिले आहेत, त्यांना येथील आकाश पाहून ते दिवस आठवतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे भारतातील गिधाडे झपाट्याने मेली आणि २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. आमच्यासोबत आलेले एक आजोबा पूर्व कड्यावर अर्धा तास नुसते वर पाहत बसले होते. तळ्याचा एकही फोटो त्यांनी काढला नाही.

क्रौंच पक्षी पाहायला मिळतील का?

उद्यानाच्या कड्यांवर नाही, पण आकाशातून त्यांचा आवाज ऐकू येईल आणि थोडे बाहेर पडलात तर भरपूर दिसतील. सँडहिल क्रेन हा करड्या रंगाचा, कपाळावर लाल डाग असलेला, पोरसवदा मुलाएवढ्या उंचीचा पक्षी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॅराबूजवळून वाहणाऱ्या विस्कॉन्सिन नदीच्या वाळूच्या बेटांवर हे पक्षी रात्रीच्या मुक्कामासाठी मोठ्या संख्येने उतरतात. चहूबाजूंनी उथळ पाणी असले की कोल्हा-कायोटी जवळ आल्याचा सुगावा लागतो, हे त्यामागचे कारण. दिवसा ते कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सांडलेले दाणे वेचतात. सूर्य मावळताना रांगारांगांनी परततात आणि त्यांचा घुमणारा, खडखडत्या ‘र’काराचा आवाज पक्षी दिसण्याच्या बराच आधी कानी येतो. थंडी जोर धरली की ते इंडियाना, जॉर्जिया, फ्लोरिडाच्या दिशेने जातात.

१९३० च्या दशकात या राज्यात त्यांच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. त्याच नदीकाठी निसर्गसंरक्षणाचे विचारवंत आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये एक नापीक झालेले शेत विकत घेतले, तेथील कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली आणि कुटुंबासह हजारो झाडे लावली. ती झोपडी आजही उभी आहे.

बॅराबूमध्येच १९७३ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनचे केंद्र आहे. जगातील क्रौंचांच्या सर्व १५ जाती एका ठिकाणी पाहता येतात. आपला सारस, जो महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, तो येथे दहा पावलांवर दिसतो. क्रौंचवधाची कथा लहानपणी ऐकलेल्या माणसाने निदान एवढ्यासाठी तरी तेथे जावे. हिवाळ्यात केंद्र पाहुण्यांसाठी बंद असते, त्यामुळे ऑक्टोबर उलटण्याआधीच बेत करावा.

खारींसारखा पट्टेरी छोटा प्राणी कोणता? तो इतकी धावपळ का करतो?

तो चिपमंक. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटे उमटली आहेत, तशाच याच्याही पाठीवर रेघा आहेत, त्यामुळे मुले लगेच ‘आपली खार’ म्हणतात. पण हा जमिनीत बीळ करून राहतो आणि शरदात त्याला क्षणाची उसंत नसते. तळ्याकाठच्या सपाट दगडावर पाच मिनिटे न हलता बसलात तर तो जवळून पाहता येतो. ओकचे टोपीदार फळ तो दोन्ही पंजांत धरून फिरवतो, टोकाचा टोचणारा भाग कुरतडून टाकतो आणि मग ते गालात सारतो. एक डाव्या गालात, एक उजव्या गालात, कधी आणखी एक तोंडात. गालगुंड झाल्यासारखा चेहरा घेऊन तो बिळात शिरतो आणि मिनिटाभरात रिकाम्या गालांनी परत येतो. हिवाळ्यात तो सलग झोपत नाही. काही दिवसांनी जाग येते, कोठारातले खातो आणि पुन्हा गारठून पडतो.

करड्या खारीची पद्धत निराळी. ती कोठार न करता एकेक फळ वेगवेगळ्या जागी पुरते. त्यातही तिचा हिशेब पक्का असतो. पांढऱ्या ओकचे फळ पडल्या पडल्या शरदातच मोड काढते, म्हणून ते साठवणीत टिकत नाही. ते ती तिथल्या तिथे खाते किंवा पुरण्यापूर्वी त्याचा अंकुर दाताने खुडून टाकते. लाल ओकचे फळ वसंतापर्यंत निजून राहते, ते ती पुरून ठेवते. न सापडलेल्या फळांतून पुढे झाडे उगवतात, म्हणजे कड्यावरच्या कित्येक ओकची लागवड खारींच्या विसराळूपणातून झालेली आहे. या प्राण्यांना चिवडा, फरसाण किंवा पोळीचा तुकडा कृपया देऊ नये. उद्यानाचा नियमही तोच आहे, आणि तिखटमिठाचे त्यांच्या पोटाशी जमत नाही.

हरणे दिसतात का?

पांढऱ्या शेपटीचे हरीण पहाटे आणि संध्याकाळी कुरणांच्या कडेला हमखास दिसते. घाबरले की शेपटी उभी करून पांढरा भाग दाखवत पळते, त्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. चितळ-सांबरांप्रमाणे याच्या नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. सप्टेंबरात शिंगांवरची मखमली कातडी सुटते तेव्हा नर कोवळ्या झाडांवर शिंगे घासतो. पायवाटेशेजारी एखाद्या रोपट्याची साल गुडघ्याच्या उंचीवर सोललेली दिसली तर ती याची खूण. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माजावर आलेले नर भान हरपून रस्त्यावर येतात. संध्याकाळी परतताना गाडी सावकाश हाका आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेले की मागून दुसरे येते आहे असे समजूनच थांबा.

साप किंवा अस्वलाचे भय आहे का?

अस्वल येथे क्वचितच येते. खडकाळ उतारांवर टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप आहे, पण तो दुर्मीळ आणि लाजाळू आहे, आणि ऑक्टोबर लागला की खडकांच्या खोल भेगांत हिवाळ्यासाठी निघून जातो. या राज्यात त्याला कायद्याचे संरक्षण आहे. न पाहता दगडांच्या फटीत हात घालू नये, एवढे पुरे.

फुलपाखरांचे स्थलांतर पाहण्यासाठी उशीर होतो का?

ऑक्टोबरमध्ये आलात तर होतो. मोनार्क फुलपाखरांची दक्षिणयात्रा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जोरात असते. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे फुलपाखरू येथून सुमारे तीन हजार किलोमीटरवरील मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतील झाडांवर जाऊन हिवाळा काढते. उन्हाळ्यात जन्मलेली पिढी काही आठवडेच जगते, तर शरदातली ही पिढी अनेक महिने जगते. कधी न गेलेल्या वाटेवरही ती चुकत नाही, हे त्यातले खरे कोडे. मोनार्कची अळी ज्या मिल्कवीडवर वाढते ती वनस्पती आपल्या रुईच्या नात्यातली, आणि रुईवर दिसणारे प्लेन टायगर फुलपाखरू मोनार्कच्याच वंशातले आहे. सप्टेंबरअखेर मिल्कवीडच्या शेंगा तडकून रेशमी म्हाताऱ्या उडू लागतात. मुलांना त्या रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या फुंकायला आवडतात.

ऑक्टोबरातील उबदार दुपारी मात्र दुसरेच कीटक भेटतात. आशियातून आलेले नारिंगी लेडीबर्ड भुंगे हिवाळ्यासाठी फटी शोधत खडकांवर आणि कपड्यांवर शेकड्यांनी बसतात. ते कधी कधी बारीक चावतात, पण त्यातून काही होत नाही.

शरदात तळ्याच्या पाण्यात काय बदल होतो? पोहता येते का?

उन्हाळ्यात वरचे पाणी उबदार व हलके आणि तळाचे थंड व जड असे दोन थर पडतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. तळे खोलात सुमारे ४७ फूट आहे, त्यामुळे खालच्या थरातील प्राणवायू कमी होत जातो आणि गाळातील स्फुरद पाण्यात उतरते. शरदात वरचे पाणी थंड होत होत जड झाले की थर मोडतात आणि वाऱ्याने सबंध तळे ढवळून निघते. त्या वेळी तळातील स्फुरद वर येऊन शेवाळाला खतपाणी मिळते. ते टाळण्यासाठी २००२ मध्ये तळाशी नळ टाकून खालचे स्फुरदयुक्त पाणीच बाहेर काढण्याची व्यवस्था करण्यात आली. हा उपाय आम्हाला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात रसायन न ओतता मुळातला साठाच काढून टाकला जातो.

पोहण्यास बंदी नाही, पण ऑक्टोबरचे पाणी अंग बधिर करणारे असते आणि येथे जीवरक्षक नसतात. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना मनाई असल्यामुळे तळे शांत असते. नोव्हेंबरच्या आरंभी उत्तरेकडून येणारे लून पक्षी आणि बदके विश्रांतीला उतरतात, तेव्हा ही शांतता उपयोगी पडते.

ज्येष्ठांना झेपेल अशी वाट कोणती?

पश्चिम कड्याच्या पायथ्याने जाणारी टम्बल्ड रॉक्स ही वाट सुमारे एक मैलाची असून बरीचशी सपाट व फरसबंद आहे. एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला कड्यावरून कोसळलेल्या मोठमोठ्या दगडांचा ढीग असतो. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि वर्षानुवर्षे पाचर मारल्यासारखे दगड सोडवते, त्यातून हा ढीग झाला आहे. दुपारी तीननंतर येथून समोरचा पूर्व कडा उन्हात न्हालेला दिसतो. वर चढायचे असेल तर पूर्व कड्याची वाट उत्तर बाजूने घ्यावी. १९३० च्या दशकातील मंदीत सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या आजही भक्कम आहेत. बॅलन्स्ड रॉक या तोल सावरून उभ्या दगडाकडे दक्षिणेकडून थेट चढणारी वाट लहान असली तरी अंगावर येणारी आहे. गुडघे दुखत असतील तर तिकडे जाऊ नये.

एका ऑक्टोबरात आमच्याकडे आलेल्या काकांनी ‘सिंहगड रोज चढायचो’ असे सांगत साध्या सपाट तळव्याच्या चपला घातल्या. रात्री पाऊस झाला होता आणि पायऱ्यांवर ओली मेपलची पाने थरावर थर बसली होती. गुळगुळीत क्वार्टझाइटवर ओले पान म्हणजे केळीची साल. काका तिसऱ्याच वळणावर बसले, सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले, आणि आम्हाला उतरायला अंधार झाला. तेव्हापासून खाचांच्या तळव्याचे बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी आम्ही विसरत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की पावणेपाचलाच.

थंडीत गोचीड आणि विषारी वेली नसतात ना?

दोन्ही असतात. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्ले जूनमध्ये खसखशीएवढी असतात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिळाएवढ्या प्रौढ गोचिडी गवताच्या टोकावर वाट पाहत असतात. पारा चार अंशांच्या वर असला की त्या फिरतात. लांब पायघोळ कपडे घालून विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी आणि मुलांच्या केसांत नीट पाहावे. पॉयझन आयव्ही ही वेल शरदात सुंदर तांबडी होते आणि त्यामुळे मुले तिच्याकडेच ओढली जातात. तीन पानांचा झुबका दिसला तर हात लावू नये. अंगाची भयंकर खाज पुढे दोन-तीन आठवडे पुरते.

दसऱ्याचे सोने म्हणून मेपलची पाने नेली तर चालेल का?

कल्पना गोड आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. झाडावरची पाने, फांद्या तोडणे आणि दगड उचलून नेणे नियमात बसत नाही. गळलेले पान हातात घ्यावे, एकमेकांना द्यावे, फोटो काढावा आणि तेथेच ठेवावे. त्या पानांची माती पुढे त्याच झाडाला लागणार आहे. सोन्यासाठी पाने हवीच असतील तर आपल्या अंगणातला मेपल काही कमी पिवळा नसतो.

शेकोटीसाठी घरची लाकडे नेता येतात का?

दहा मैलांहून दूरची, प्रमाणित नसलेली लाकडे आणण्यास मनाई आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा पूर्व आशियातील हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि पुढे जळाऊ लाकडांतून राज्याराज्यांत पोचला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरून अ‍ॅशची झाडे मारतात. उद्यानात किंवा जवळच्या दुकानात लाकूड मिळते, तेच घ्यावे.

नोव्हेंबरात शिकारी असतात का?

होय. उद्यानाच्या ठरावीक भागांत १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात शिकारीला परवानगी असते, आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हंगाम चालतो. त्या दिवसांत भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी घालूनच फिरावे.

प्रवेशशुल्क, गर्दी आणि मुक्कामाचे काय?

प्रत्येक गाडीला प्रवेशाचे स्टिकर लागते आणि राज्याबाहेरच्या नंबरप्लेटला दर अधिक असतो. दर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पाहावेत. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी वाहनतळ सकाळीच भरतात, तेव्हा नऊच्या आत पोचावे. तंबूच्या जागा अकरा महिने आधीपासून राखून ठेवता येतात आणि शरदातील शनिवार-रविवार तर बघता बघता संपतात.

कोजागिरीला तळ्याकाठी राहणे शक्य आहे का?

तंबूची जागा मिळाली असेल तर अवश्य राहावे. केवळ दिवसाभरासाठी आलेल्यांना रात्री अकरापर्यंतच थांबता येते. पूर्वेला दीडशे मीटरचा कडा असल्यामुळे चंद्र उगवल्यावरही तळ्याकाठी बराच वेळ अंधार असतो. आधी समोरच्या पश्चिम कड्याचा माथा उजळतो आणि मग ते चांदणे हळूहळू खाली पाण्याकडे उतरत येते. पूर्व काठाने रुळांवरून मालगाडी गेली तर तिचा आवाज दोन्ही कड्यांमध्ये घुमत राहतो, तो विरला की ओकच्या पानांची सळसळ पुन्हा ऐकू येते. दूध आटवायला छोटी शेगडी नेतो आम्ही, आणि पेले धरण्यासाठी हातमोजे. त्या सुमारास रात्रीचा पारा शून्याजवळ उतरतो, त्यामुळे चंद्र दुधात पडेपर्यंत दूध कोमट झालेले असते.